पणजोबांचे आईवडील आणि भावंडे : जुन्या दप्तरांतील शोधाचा अनुभव

माझ्या पणजोबांच्या आईचे नाव आमच्या घरात कोणालाही ठाऊक नव्हते. वडिलांचे नाव ठाऊक होते, कारण ते पणजोबांच्या स्वतःच्या नावातच आलेले होते. त्यांना भावंडे किती, ती कोठे गेली, कोण कधी वारले, यांविषयी मात्र आजीने सांगितलेल्या दोन गोष्टी तेवढ्या उरल्या होत्या : पणजोबा तीन भावांतले मधले, आणि त्यांचा धाकटा भाऊ साथीत गेला व बहीण माहेरीच राहिली. २०२३ च्या पितृपक्षात, वयाची ऐंशी ओलांडलेले माझे वडील म्हणाले, की ज्या बाईने आपल्या आजोबांना वाढवले तिचे नाव आपल्याला घेता येत नाही, हे त्यांना बरे वाटत नाही. त्या दिवसापासून हा शोध सुरू झाला आणि पुढचे सुमारे दीड वर्ष चालला. असा शोध घेऊ इच्छिणाऱ्या पुष्कळ लोकांना नेमके कोणत्या कार्यालयात जावे आणि तेथे गेल्यावर काय मागावे हेच ठाऊक नसते, म्हणून तो घडला त्या क्रमाने येथे लिहीत आहे. कुटुंबातील व्यक्तींची आणि गावाची नावे मात्र मुद्दाम दिलेली नाहीत. त्या शाखांतील माणसे आज हयात आहेत आणि त्यांच्या घरची माहिती उघड करण्याचा अधिकार मला नाही.

आमचे मूळ गाव आज सांगली जिल्ह्यात आहे, परंतु पणजोबा जन्मले तेव्हा सांगली नावाचा जिल्हा अस्तित्वात नव्हता. हा भाग तेव्हा सातारा जिल्ह्यात होता. १९४९ मध्ये साताऱ्याचे उत्तर आणि दक्षिण असे दोन भाग झाले आणि दक्षिण साताऱ्याला पुढे १९६० मध्ये सांगली हे नाव मिळाले. तालुकेही बदलले. विट्याच्या म्हणजे खानापूर तालुक्यातील काही गावे पुढे नव्या कडेगाव तालुक्यात गेली. याचा परिणाम असा होतो, की गावाचे आजचे सातबारा एका तालुक्यात मिळतात, तर शंभर वर्षांपूर्वीची रजिस्टरे कित्येकदा जुन्या तालुक्याच्या अभिलेख कक्षातच राहिलेली असतात. म्हणून कोणताही अर्ज करण्यापूर्वी एका कागदावर आपल्या गावाचे तालुके आणि जिल्हे कसकसे बदलले एवढे लिहून काढावे. हा कागद मी पुढे प्रत्येक कार्यालयात बरोबर नेला आणि अभिलेख कक्षातील कर्मचाऱ्यांना त्याचा फार उपयोग झाला, कारण कोणते कपाट उघडावे हे त्यावरून त्यांना कळत होते.

बहुतेक लोक अशा शोधाची सुरुवात जन्माच्या नोंदीपासून करतात. माझा अनुभव असा, की सुरुवात जमिनीपासून करावी. जन्माची नोंद एका मुलाची असते आणि तीतही पुष्कळदा त्या मुलाचे नाव नसते. जमिनीच्या दप्तरात मात्र कुटुंबातील एखादी व्यक्ती मरण पावली, की मागे उरलेल्या सर्वांची नावे एकाच नोंदीत लिहावी लागत. आईवडील आणि भावंडे शोधायची असतील, तर घरातल्या सगळ्यांची नावे एकत्र लिहिण्याची गरज सरकारला ज्या प्रसंगी पडली तो प्रसंग शोधावा. आमच्या घराण्याची गावात थोडी कोरडवाहू जमीन होती आणि ती आजही चुलत शाखेकडे आहे, ही आमच्या दृष्टीने मोठी सोय ठरली. जमीन विकली गेलेली असली तरी हा मार्ग बंद होत नाही. विक्रीच्या नोंदीपासून मागे जाता येते.

ऑक्टोबरमध्ये मी डिजिटल स्वाक्षरीचे सातबारा घेतले. एका उताऱ्याला पंधरा रुपये लागतात. त्यावर गट नंबर असतो, पण जुनी दप्तरे सर्व्हे नंबरने लावलेली असतात, कारण गट हे १९४७ च्या तुकडेबंदी व एकत्रीकरणाच्या कायद्यानंतर गावोगावी योजना राबवली गेली तेव्हा पडले. जुना सर्व्हे नंबर आणि नवा गट नंबर यांचा मेळ घालणारा जो उतारा भूमि अभिलेख उपअधीक्षकांच्या कार्यालयात मिळतो, त्याला सगळे "नऊ तीन नऊ चार" म्हणतात. तेथील लिपिकाला इतके शब्द उच्चारले की पुरते. त्या उताऱ्यावरून आमचे सध्याचे दोन गट पूर्वीच्या एकाच सर्व्हे नंबराच्या तीन हिश्श्यांतून झालेले आहेत असे कळले, आणि तीन भावांच्या आठवणीला पहिला कागदी आधार मिळाला.

त्यानंतर हस्तलिखित सातबारा आणि फेरफार, म्हणजे जमिनीच्या खात्यावरील नावांत झालेल्या बदलांच्या नोंदी. आमच्या भागात फेरफाराला "डायरी" म्हणतात, त्यामुळे गावात विचारताना मीही तोच शब्द वापरला. राज्य शासनाच्या "आपले अभिलेख" या संकेतस्थळावर अनेक तालुक्यांतील जुनी कागदपत्रे स्कॅन करून ठेवलेली आहेत. आमच्या गावचे काही सातबारा तेथे घरबसल्या पाहता आले. जुन्या सातबाऱ्यावर खातेदाराच्या नावाशेजारी वर्तुळात जो आकडा असतो तो फेरफाराचा क्रमांक, आणि ज्या नावाला कंस घातलेला असतो तो माणूस त्या फेरफाराने खात्यावरून कमी झालेला. कंसातले नाव आणि वर्तुळातला आकडा या दोन गोष्टी ओळखता आल्या, की एका फेरफारावरून त्याच्या आधीच्या फेरफारावर जाता येते. मी एका वहीत प्रत्येक सर्व्हे नंबरासाठी स्वतंत्र पान ठेवले आणि सर्वांत नवा क्रमांक वर, त्याखाली त्याच्या आधीचा, अशी उतरंड लिहीत गेले. १९३० च्या दशकापर्यंत मागे गेल्यावर तेथे केवळ पणजोबांच्या थोरल्या भावाचे नाव उरले आणि त्यापुढे "ए.कु.मॅ." असे लिहिलेले होते. एकत्र कुटुंबाचा मॅनेजर म्हणून त्यांचे एकट्याचे नाव लागलेले असल्यामुळे इतर भावंडे त्या पानावर दिसत नव्हती. पुष्कळ जण या टप्प्यावर आपला पूर्वज गावचा नव्हताच असे समजून थांबतात. तसे समजू नये. ए.कु.मॅ. दिसले, की त्या एका नावामागे दुसरी नावे आहेत हे नक्की धरावे आणि ते नाव ज्या फेरफाराने लागले त्याच्या मागे जावे.

मागचे फेरफार संकेतस्थळावर नव्हते, म्हणून नोव्हेंबरच्या शेवटी तालुक्याच्या ठिकाणी गेले. तो काळ विशेष गर्दीचा होता. कुणबी नोंदी शोधण्यासाठी शासनाने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमलेली होती आणि ठिकठिकाणच्या अभिलेख कक्षांत जुनी रजिस्टरे बाहेर काढून तपासण्याचे काम चालू होते. कर्मचाऱ्यांना मान वर करायला सवड नव्हती आणि माझ्यासारख्या खासगी कामासाठी आलेल्या माणसाला थांबावे लागणे साहजिक होते. पण याच कामामुळे वर्षानुवर्षे न उघडलेली गाठोडी सुटली, त्यांवर गावांच्या चिठ्ठ्या लागल्या आणि मोडी वाचणारी माणसे तालुक्याला येऊन बसू लागली. जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर तेव्हा जी जुनी पाने चढवली गेली, तीही पाहून घ्यावीत. मात्र ती बहुतेक विशिष्ट नोंद सापडलेलीच पाने आहेत, संपूर्ण रजिस्टर नव्हे, हे लक्षात ठेवावे.

अर्जाविषयी दोन गोष्टी सांगते. साधा नकलेचा अर्ज कोर्ट फी स्टॅम्प लावून करता येतो आणि नोंदीचा क्रमांक ठाऊक असेल तर तोच सरळ मार्ग. क्रमांक ठाऊक नसेल आणि रजिस्टर चाळावे लागणार असेल, तर माहितीच्या अधिकाराखाली अभिलेखाच्या पाहणीसाठी अर्ज करावा. त्यासाठी महाराष्ट्रात दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो, साध्या प्रतीला पानामागे दोन रुपये पडतात आणि उत्तरासाठी तीस दिवसांची मुदत असते. अर्जात "माझ्या पूर्वजांची माहिती द्यावी" असे लिहिले, तर अशी माहिती संकलित स्वरूपात उपलब्ध नाही, असे उत्तर मिळण्याचा संभव फार. त्याऐवजी "अमुक गावचा गाव नमुना नंबर ६, अमुक साल ते अमुक साल, याची पाहणी करू द्यावी" असे लिहावे. गाव नमुना ६ म्हणजे फेरफारांचे रजिस्टर. कार्यालयाजवळ माणसांची माहिती नसते, रजिस्टरे असतात. म्हणून रजिस्टर मागावे. मी जानेवारी २०२४ मध्ये गाव नमुना ६ आणि गाव नमुना १४ (जन्म-मृत्यूचे रजिस्टर) या दोन्हींसाठी वेगवेगळे अर्ज दिले. महिन्याच्या आत पाहणीची तारीख मिळाली.

फेरफारांचे रजिस्टर हातात आले तेव्हा पहिली अडचण लिपीची होती. १९२० च्या पुढची पाने मोडीत असली तरी अक्षर सुटे होते. त्याआधीची पाने मात्र सलग, झपाट्याने लिहिलेली. मोडीत आधी आडवी रेघ ओढून तिला अक्षरे लटकवलेली असतात, शब्दांमध्ये जागा सोडलेली नसते आणि ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळलेला नसतो. ही लिपी पूर्ण शिकायला वेळ लागतो, पण आपले आडनाव, गावाचे नाव, वडिलांचे नाव आणि "मयत", "वारस", "बिन", "कोम" असे थोडे शब्द मोडीत कसे दिसतात एवढे आठवडाभर गिरवले, तरी आपल्या कामाचे पान कोणते हे ओळखता येते. मी तेवढीच तयारी करून गेले होते. "बिन" पुढे बापाचे नाव येते आणि "कोम" पुढे नवऱ्याचे, इतके समजले तरी पानावरची निम्मी नाती उलगडतात. ओळखलेल्या पानांच्या प्रती घेऊन पूर्ण वाचन मात्र जाणकाराकडून करून घेतले. पुण्यातील एका मोडी वाचकांनी पानामागे दोनशे रुपये घेतले, देवनागरीत ओळीला ओळ उतरवून दिली आणि जेथे अक्षर शंकास्पद होते तेथे तसे नमूद केले. वाचकाकडून सारांश घेऊ नये, ओळीला ओळ मागावी; कारण सारांशात नेमकी ती गोष्ट गळते, जिचे महत्त्व त्या वेळी कोणाला वाटलेले नसते.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात ते वाचन हाती आले. १९१४ सालच्या नोंदीत लिहिले होते, की जमिनीचा कब्जेदार, म्हणजे माझ्या पणजोबांचे वडील, मयत असून त्यास तीन मुलगे वारस आहेत, तिघांचीही नावे वयांसह होती, थोरल्याचे पंधरा, मधल्याचे अकरा, धाकट्याचे सहा, आणि तिघेही अज्ञान, म्हणजे अल्पवयीन, असल्यामुळे त्यांच्या नावांखाली "अ.पा.क. आई" असे लिहून पुढे त्या आईचे नाव होते. अज्ञान पालन करणारी म्हणून सरकारी दप्तरात तिचे नाव आले. नवरा जिवंत असता तर या रजिस्टरात ती बहुधा कधीच दिसली नसती. मी ते नाव वडिलांना फोनवर वाचून दाखवले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग त्यांनी ते नाव स्वतः दोनदा उच्चारले आणि बरोबर कसे लिहायचे ते विचारले.

त्या नोंदीत बहीण नव्हती, आणि त्याचे कारण त्या काळच्या वारसा कायद्यात आहे. मुलगे असताना मुलीला वारस म्हणून धरले जात नसे. मुलींची नावे वारस नोंदींत नियमाने दिसू लागतात ती १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यानंतर. म्हणून १९५६ पूर्वीच्या फेरफारात बहीण सापडली नाही, तर ती नव्हतीच असा अर्थ काढू नये.

बहिणीच्या शोधासाठी आणि वयांची खातरजमा करण्यासाठी गाव नमुना नंबर १४ पाहिला. हे गावाचे जन्म-मृत्यूचे रजिस्टर. विदर्भात यालाच कोतवाल बुक म्हणतात. जन्म-मृत्यू नोंदणीचा १९६९ चा कायदा महाराष्ट्रात १ एप्रिल १९७० पासून लागू झाला, त्यापूर्वीच्या खेड्यांतील जन्मांसाठी हाच मुख्य आधार. यात जन्मलेल्या मुलाचे नाव बहुधा नसते, कारण नोंद बारशाच्या आधी होई. तारीख, बापाचे नाव, जात आणि मुलगा की मुलगी एवढेच असते. त्यामुळे येथे पणजोबांचे नाव शोधून उपयोग नाही, त्यांच्या वडिलांचे नाव शोधावे लागते. आमच्या गावात त्याच नावाचे आणि त्याच भावकीचे दोन पुरुष एकाच काळात होते. दोघांची मुले वेगळी कशी करायची हा प्रश्न १९१४ च्या नोंदीतील वयांनी सोडवला : १८९५ पासून १९१० पर्यंतच्या त्या नावाच्या सर्व नोंदी मी एका कागदावर मांडल्या, तिन्ही मुलांच्या वयांशी जुळणाऱ्या तारखा बाजूला काढल्या, आणि त्यांच्या मधल्या अंतरांत बसणाऱ्या दोन मुलींच्या नोंदीही शिल्लक राहिल्या. त्यांपैकी पहिली मुलगी दोन वर्षांची होऊन वारल्याची नोंद मृत्यूच्या भागात मिळाली. दुसरी, १९०५ ची, ही बहुधा आजीने सांगितलेली बहीण. पण अजून तिला नाव नव्हते, आणि ती या घरातली की त्या दुसऱ्या माणसाची, हेही सिद्ध व्हायचे होते.

त्याच रजिस्टरात १९१८ सालचे मृत्यूचे भाग पाहिले. आजीने ज्या साथीचा उल्लेख केला होता ती इन्फ्लुएंझाची होती. त्या वर्षीच्या सप्टेंबर-ऑक्टोबरात मुंबई इलाख्यात तिने घरेच्या घरे उजाड केली. इतर महिन्यांत जेथे गावातले मोजके मृत्यू एका पानात मावतात, तेथे ऑक्टोबरची पानांमागून पाने भरलेली होती. मृत्यूच्या कारणाच्या रकान्यात ओळीमागून ओळ एकच शब्द आहे : "ताप". लिहिणाराही बदललेला दिसतो. मधल्या एका तारखेपासून अक्षर वेगळे आहे. आमच्या घरातील धाकट्या मुलाची नोंद त्या दुसऱ्या अक्षरात आहे, वय दहा. इतर कामासाठी आलेल्या वाचकालाही मी सांगेन, की आपल्या गावचे हे महिने एकदा पाहावेत. ज्या पूर्वजाचा पुढे कोठेच पत्ता लागत नाही, तो पुष्कळदा येथे सापडतो.

एप्रिल आणि मे लोकसभा निवडणुकीत गेले. आमच्याकडे ७ मे रोजी मतदान होते आणि महसूल खात्यातील माणसे त्या कामात गुंतलेली असल्याने अर्ज पुढे सरकण्याची अपेक्षा मी ठेवली नाही. निवडणूक, पीक पाहणी आणि मार्चअखेर या तिन्ही वेळा टाळून कार्यालयात जावे. जून-जुलैमध्ये आणि दिवाळीनंतरच्या एखाद्या मधल्या आठवड्यात मला सर्वांत नीट वेळ मिळाला. मधल्या काळात मी गावच्या शाळेत गेले. पूर्वीची लोकल बोर्डाची मराठी शाळा आता जिल्हा परिषदेची आहे आणि तिचे जनरल रजिस्टर जपून ठेवलेले होते. मुख्याध्यापकांनी ते टेबलावर काढून दिले, पाने उलटताना ती कशी धरावीत हेही दाखवले. पणजोबा आणि त्यांचा थोरला भाऊ यांचे दाखल क्रमांक लागोपाठ होते. दोघांची जन्मतारीख १ जून, साले तेवढी वेगळी. ही तारीख पाहून कोणी हरखून जाऊ नये. खरी तारीख ठाऊक नसली, की गुरुजी शाळा सुरू होण्याच्या हिशोबाने १ जून लिहीत, आणि त्या काळी जन्मलेल्या असंख्य माणसांच्या दाखल्यांवर तीच आहे. पणजोबांच्या शाळेतील आणि नमुना १४ मधील तारखांत सुमारे दीड वर्षाचा फरक निघाला. जन्माच्या वेळीच केलेली नोंद मी ग्राह्य धरली. शाळेच्या रजिस्टरात मला अधिक मोलाचे वाटले ते पालकाचे नाव : तेथेही आईच होती, आणि फेरफारातील नावाशी ते तंतोतंत जुळत होते. एकाच नावाला दोन वेगळ्या दप्तरांतून असा दुजोरा मिळाला, तरच ते वंशावळीत शाईने लिहावे, असा नियम मी केला होता.

मुंबईतील बाजू थोडक्यात सांगते. पणजोबा १९२१ च्या सुमारास गिरणीत लागले. ती गिरणी केव्हाच बंद झाली आणि तिचे कामगारांचे कागद माझ्या हाती लागले नाहीत. महापालिकेकडून मृत्यूचा दाखला मिळाला, त्यावरून वयाचा पडताळा झाला, इतकेच.

जुलैमध्ये बहीण सापडली, आणि ती अशा ठिकाणी सापडली जेथे मी आधी लक्षपूर्वक पाहिले नव्हते, कारण तेथे सहसा बँकेचे आणि सोसायटीचे बोजेच लिहिलेले असतात. जुन्या हस्तलिखित सातबाऱ्यावर "इतर हक्क" नावाचा रकाना आहे. १९३६ मध्ये दोघा भावांची वाटणी झाली, तिच्या फेरफाराचा क्रमांक त्या रकान्यातही होता. तो फेरफार काढला तेव्हा त्यात अशी नोंद निघाली, की भावांची बहीण विधवा असून माहेरी राहते, तिच्या हयातीपर्यंत एका हिश्श्याच्या उत्पन्नातून तिच्या पोटगीचा हक्क राहील. तिचे नाव होते, "कोम" लिहून नवऱ्याचे नाव होते, आणि त्याच्या गावाचेही. दोन भावांपैकी एक मुंबईला गिरणीत, दुसरा कोरडवाहू जमिनीवर. अशा घराने वाटणीच्या कागदात बहिणीच्या अन्नवस्त्राची लेखी सोय करून ठेवली होती. कायद्याने त्यांच्यावर तशी सक्ती होती असे मला वाटत नाही.

नवऱ्याचे गाव मिळाल्यामुळे पुढचा अर्ज सोपा होता. त्या गावचा नमुना १४ पाहण्यासाठी ऑगस्टमध्ये अर्ज केला, सप्टेंबरमध्ये पाहणी झाली. एसटीत महिलांना अर्धे तिकीट असल्याने आता या फेऱ्यांचा खर्च आवाक्यात राहतो. तिच्या नवऱ्याचा मृत्यू १९१८ च्या ऑक्टोबरातलाच आहे, तिच्या धाकट्या भावाच्या मृत्यूनंतर अवघ्या नऊ दिवसांनी. कारणाच्या रकान्यात तोच ताप. बहीण तेव्हा तेरा वर्षांची होती. आई त्या महिन्यात एक मुलगा गमावते आणि विधवा झालेली मुलगी घरी आणते, हे दोन गावांच्या दोन रजिस्टरांत वेगवेगळे लिहिलेले आहे. ते एकमेकांशेजारी ठेवून आजवर कोणी वाचले नव्हते. त्या दिवशी मी पुढचे काही काम केले नाही.

उरला तो वरच्या पिढ्यांचा प्रश्न, आणि त्यासाठी सरकारी दप्तर पुरत नाही. दक्षिण महाराष्ट्रात आणि त्याला लागून असलेल्या कर्नाटकात हेळवी नावाचे लोक गावोगावच्या घराण्यांची वंशावळ सांगतात. सुगीनंतर ते ठरलेल्या गावी, ठरलेल्या घरी येतात, वही उघडून पिढ्या वाचतात, नवी जन्मलेली मुले नोंदवून घेतात आणि धान्य, कपडा, पैसे असे मान म्हणून घेतात. आमच्या भावकीचे हेळवी कोण, हे गावातील वयस्कर माणसांना ठाऊक होते. मी चुलत काकांकडे निरोप ठेवला आणि जानेवारी २०२५ मध्ये हेळवी आले तेव्हा मलाही बोलावणे आले. त्यांच्या वहीत पणजोबांच्या वडिलांच्या वरच्या चार पिढ्या आहेत. ते वाचत असताना आमच्याजवळची कागदी माहिती आधी सांगू नये, असे मी काकांना सुचवले होते, आणि तिन्ही भावांची नावे त्यांनी आपण होऊन, बरोबर क्रमाने सांगितली. बायका या वह्यांत फार थोड्या येतात. पण पणजोबांच्या आईबद्दल त्यांच्याकडे एक गोष्ट होती जी कोणत्याही रजिस्टरात नव्हती : ती कोणत्या गावची लेक होती. आम्ही त्यांना पायलीभर ज्वारी, धोतरजोडी आणि एक हजार एक रुपये दिले. आमच्या घरातील लेकींची आणि सुनांची नावेही या वेळी वहीत लिहून घ्यावीत अशी विनंती केली, ती त्यांनी मान्य केली आणि तेथेच बसून लिहिली.

इतर भागांतील वाचकांसाठी थोडे. मराठवाड्यात निजामाच्या काळातील दप्तर पुष्कळसे उर्दूत आहे, तेथे मोडीइतकीच उर्दू वाचकाची गरज पडते. नाशिकला आणि त्र्यंबकेश्वरी तीर्थोपाध्यांच्या नामावळ्या गाव आणि आडनावाप्रमाणे लावलेल्या असतात. घरातून कोणी अस्थी घेऊन किंवा सिंहस्थात तेथे गेले असेल, तर त्यांच्या हातची सही आणि भावंडांची नावे मिळण्याचा संभव असतो. पेशवाईतील इनाम-वतनाशी घराण्याचा संबंध असेल, तर पुण्याचे पुराभिलेखागार पाहावे; आमच्यासारख्या साध्या शेतकरी घराला मात्र तालुक्याचा अभिलेख कक्षच अधिक देतो.

सगळा खर्च प्रवास धरून अकरा-बारा हजारांच्या आसपास झाला, त्यात मोडी वाचनाचा वाटा सर्वांत मोठा. जमवलेल्या प्रत्येक प्रतीच्या मागे मी पेन्सिलीने कार्यालय, रजिस्टराचे नाव, साल, पान आणि नोंद क्रमांक लिहिला आहे आणि त्याचे तीन संच करून एक गावी चुलत काकांकडे, एक मुंबईच्या शाखेकडे व एक स्वतःजवळ ठेवला आहे. २०२४ च्या पितृपक्षात वडिलांनी आपल्या पणजीचे नाव घेतले, आणि तिच्या विधवा लेकीचेही. आता पणजोबांच्या आईच्या माहेरचे गाव कळल्यामुळे तेथील नमुना १४ मध्ये तिच्या वडिलांच्या घरच्या नोंदी पाहायच्या आहेत. ती १८८० च्या आगेमागे जन्मली असावी, आणि त्या गावची रजिस्टरे किती मागे जातात हे पाहणीनंतरच कळेल. अर्ज दिलेला आहे.